पेपर भरपूर झाले, आता चुका बघू

सोमवारी रात्री आठ-साडेआठच्या सुमारास नागपुरातल्या कितीतरी घरांत एकाच तऱ्हेचा मेसेज येऊन पडतो. पाल्याचं नाव, नीटच्या म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासमधल्या रविवारच्या चाचणीतले गुण, बॅचमधला क्रमांक, मागच्या वेळचा क्रमांक. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये येतो, सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत येतो, आणि मुलगी इथं खोली करून राहत असेल तर तिकडे गोंदियाला, वरोऱ्याला, वडसाला तिच्या बाबांच्या फोनवर येतो. मग बाबांचा फोन. "काऊन गं, एकशे चाळीसवरून दोनशे अकरावर कशी गेली?" पलीकडे शांतता. मुलीला उत्तर येत नाही, कारण ते त्या मेसेजमध्ये नसतंच. कुठला प्रश्न चुकला आणि का चुकला, हे बाबा विचारत नाहीत. त्यांना तो कागद कुणी दाखवलेलाच नाही.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. पंचवीस वर्षांहून जास्त काळ अकरावी-बारावीला शिकवलं, आता निवृत्त आहे. सुरुवातीला विनाअनुदानित तुकडीवर होतो. पगार वेळेवर मिळायचा नाही, म्हणून चार वर्षं एका क्लाससाठी सराव चाचण्यांचे पेपर काढले. त्यामुळे पुढं जे लिहितो आहे त्यातला काही दोष माझ्याही पदरात आहे.

सराव चाचणीच्या विरोधात मी नाही. उलट, अभ्यासाच्या जेवढ्या पद्धती मला माहीत आहेत त्यांत ही सगळ्यात कसदार. वाशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार खेपांना वाचला. दुसऱ्या गटाने तो एका खेपेला वाचला आणि पुढच्या तीन खेपांना पुस्तक मिटून, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, लिहिणाऱ्यांकडे ६१. रात्रभर एनसीईआरटीच्या ओळी पिवळ्या करत बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या टेबलासमोर हे आकडे लावावेत असं मला वाटतं. पण यातली एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत: त्या प्रयोगात कुणाचा क्रमांक लागला नव्हता. आठवायला लागणं, अडखळणं, परत आठवणं यानेच फरक पडला.

आखाड्यात वस्ताद पोराला रोज पाडतो. पाडून झालं की पाय कुठं चुकला ते दाखवतो, पुन्हा उभं करतो, पुन्हा पाडतो. आपल्या चाचण्यांत पाडण्याचं काम चोख होतं. निकाल गावभर पुकारला जातो, आणि पाय कुठं चुकला हे सांगायच्या वेळी वस्ताद पुढच्या जोडीकडे वळलेला असतो.

हिशेबच मांडून बघा. नीटचा पूर्ण पेपर १८० प्रश्नांचा, तीन तासांचा. बऱ्यापैकी अभ्यास केलेल्या मुलाचेही चुकलेले आणि सोडलेले मिळून साठेक प्रश्न असतात. एकेका प्रश्नाला पाच मिनिटं दिली, म्हणजे पुस्तक उघडलं, आपण काय समजलो होतो ते तपासलं, पुन्हा सोडवून पाहिलं, तर पाच तास लागतात. चाचणीला तीन, चुकांना पाच. मार्चमध्ये बारावी संपते आणि मेच्या पहिल्या रविवारी नीट असते. या दिवसांत आठवड्याला तीन-तीन, चार-चार पूर्ण पेपर देणारी पोरं मी पाहिली आहेत. चार पेपरांच्या चुका बघायला वीस तास हवेत. ते कुठून येणार? मग रात्री येणारी उत्तरांची पीडीएफ तशीच न उघडता राहते. तसली उत्तरं मी लिहीत होतो, म्हणून सांगतो: दोन ओळींचं उत्तर असायचं. 'पर्याय ३ बरोबर', पुढं सूत्र. ज्याला आधीच येतं त्यालाच ते कळावं, अशी ती भाषा.

इथं एक शब्द मध्ये येतो, त्याच्यावर माझा जुना राग आहे. 'सिली मिस्टेक'. कुठल्याही मुलाला विचारा, किती गेले? "सर, चाळीस गेले, पण त्यातले पंचवीस सिलीमध्ये गेले." म्हणजे ते गेलेच नाहीत जणू. घरीही हेच सांगितलं जातं आणि आईलाही बरं वाटतं. हा शब्द म्हणजे चुकांचं तोंड बंद करायचं बूच आहे.

एक मुलगी होती, मामाकडे मानेवाड्याला राहायची, अतिशय कष्टाळू. जुलैच्या चाचणीत प्रश्न आला: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचं त्वरण किती? तिने शून्य लिहिलं. सिली. ऑक्टोबरमध्ये चेंडूचा दगड झाला, पुलावरून वर फेकलेला. पुन्हा शून्य. जानेवारीत तोच प्रश्न कारंज्याच्या थेंबावर बेतून आला, आणि तिने आलेखांतून नेमका तो निवडला ज्यात त्वरण वर जाताना कमी होत होत शून्याला टेकतं. तीन वेळा तिने स्वतःला सांगितलं होतं की घाईत झालं. मी तीनही पेपर शेजारी ठेवले तेव्हा ती गप्प झाली. घाई नव्हती. वेग शून्य म्हणजे सगळंच शून्य, ही समजूत तिच्या डोक्यात नववीपासून पक्की बसलेली होती आणि सहा महिन्यांच्या चाचण्यांनी ती आणखी पक्की केली होती.

मी खडू वर फेकला. म्हटलं, वरच्या टोकाला वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर तो खाली कशाला येईल? तिथंच लटकून राहील ना? ती हसली. या सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील. तिन्ही चाचण्यांनी तिला जे दिलं नाही ते या वीस मिनिटांत मिळालं, यात माझी थोरवी काही नाही. कुठल्याही बऱ्या शिक्षकाला हे जमतं. फक्त त्याच्यापुढं तीन पेपर, एक मूल आणि वीस मिनिटं असावी लागतात.

पर्यायी प्रश्नांच्या चाचण्यांत हा धोका जास्त असतो, हेही अभ्यासकांनी दाखवलं आहे. रोडिगर यांनीच एलिझाबेथ मार्श यांच्यासोबत २००५ साली लिहिलं की चार पर्यायांतला चुकीचा पर्याय एकदा निवडला की पुढं तोच खरा म्हणून आठवण्याची शक्यता वाढते. बरोबर उत्तर वेळेत समजावलं तर हा परिणाम पुष्कळ कमी होतो. म्हणजे चुका न बघता दिलेल्या चाचणीने काही वेळा नुसता वेळच जात नाही, चूक घट्ट होते.

आता माझी गोष्ट. त्या क्लासमध्ये पहिल्याच बैठकीत मला सांगण्यात आलं: पहिले दोन पेपर कडक काढा, पोट्टे जमिनीवर येतात, पालकही येतात. फेब्रुवारी-मार्चमधले थोडे सौम्य ठेवा, म्हणजे आलेख चढता दिसतो. मी काढले. आलेख चढले. पालकसभेत ते पडद्यावर दाखवले गेले, आणि मी मागच्या रांगेत चहाचा कप धरून बसलो होतो. तो आलेख माझ्या पेपरांचा होता. मुलांच्या अभ्यासाशी त्याचा संबंध असलाच तर थोडा.

दर सहा आठवड्यांनी तिथं बॅच हलवायचे. वरच्या बॅचला सगळ्यात अनुभवी सर, खालच्या बॅचला नुकताच लागलेला पोरगा. ज्याला शिक्षकाची जास्त गरज त्याला कमी शिक्षक, असा हा उलटा न्याय. दवाखान्यात ताप जास्त असलेल्याला शिकाऊ डॉक्टर आणि तंदुरुस्ताला मोठे डॉक्टर दिले तर आपण गोंधळ घालू. इथं आपण फीची पावती नीट घडी करून ठेवतो.

याबद्दल नियम नाहीत असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांहून जास्त वर्ग नको, ही कलमं वर्तमानपत्रांत गाजली. न गाजलेलं कलम असं की केंद्राने आपल्या चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत, ते गोपनीय ठेवून विद्यार्थ्याची प्रगती तपासायला वापरावेत. आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, हेही त्यात आहे. पुढं २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरासाठी निर्देश दिले. गुणांवरून बॅच वेगळ्या करणं, चारचौघांत अपमान करणं यापासून संस्थांनी शक्यतो दूर राहावं, असं त्यांत म्हटलं आहे. त्या 'शक्यतो'मध्ये क्लासेसचं अख्खं रामदासपेठ आणि धरमपेठ मावतं. रविवार हा चाचणीचाच वार आहे, आणि क्रमवारीची यादी भिंतीवरून उतरली असली तरी ती आता ग्रुपवर चढली आहे.

पालक म्हणतात, परीक्षाच मुळात क्रमांकाची आहे, मग सरावात क्रमांक लपवून काय मिळणार? हा आक्षेप मी हलका धरत नाही. वीस लाखांहून जास्त मुलं नीटला बसतात आणि एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, नागपुरातल्या या तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या फाटकांवर क्रमांकच विचारला जाणार आहे. ज्या घराने शेताचा तुकडा विकून फी भरली, त्याला "क्रमांकाकडे बघू नका" म्हणणं सोपं नाही, आणि मला तो अधिकारही नाही.

पण चाचणीतल्या क्रमांकाला अर्थ किती, ते बघा. २०२४ च्या नीटच्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० घेणारी ६७ मुलं होती. वर्षभराने, २०२५ ला, देशात पहिला आलेल्याचे गुण ६८६. पेपर बदलला तर गुण एवढे हलतात, आणि हा तर प्रत्यक्ष परीक्षेचा पेपर. माझ्यासारख्या कुणीतरी रात्री अकरा वाजता जुळवलेल्या पेपरातले ५४० गुण आणि चारशे पोरांतला दोनशे अकरावा क्रमांक यांतून मेमधलं काही सांगता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं की प्रकाशशास्त्राचे सहापैकी पाच गेले. ते उपयोगाचं आहे आणि तेच मेसेजमधून गाळलं जातं.

सरावाचा आणखी एक उपयोग आहे, तो मी कमी लेखणार नाही: परीक्षेची सवय. तिथं मात्र आपण अर्धवट सराव करतो. नीट दुपारी दोन ते पाच असते, आणि तीही नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो आणि शहाणी माणसं कूलरपुढं आडवी झालेली असतात. आपल्या चाचण्या होतात सकाळी साडेसातला, थंड हॉलमध्ये. दोन वाजता जेवणाची गुंगी डोळ्यांवर असताना सेंद्रिय रसायनशास्त्र कसं दिसतं, हे मुलांना पहिल्यांदा परीक्षेच्याच दिवशी कळतं. फोनवर बोटाने पर्याय टिचकवून सराव करणाऱ्यांना ओएमआर उत्तरपत्रिकेवर १८० गोळे पेनाने भरायला किती वेळ जातो याचा अंदाज नसतो. एप्रिलमधले तीन-चार पेपर तरी घड्याळात दोन वाजले की द्यावेत, कागदावर द्यावेत, जेवून द्यावेत. इथं मी क्लासवाल्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला तयार आहे, पण त्यांना त्यासाठी दुपारच्या बॅच हलवाव्या लागतील, आणि त्या हलत नाहीत.

तुक्क्याचंही तसंच. नीटमध्ये बरोबरला चार, चुकीला उणे एक. डोळे मिटून चार प्रश्नांना तुक्का मारला तर सरासरीने एक लागतो, तीन जातात; चार वजा तीन, एक गुण वर. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर दर दोन तुक्क्यांमागे तीन गुण. म्हणजे 'येत नसेल तर हात लावू नका' हे घोटून घेतलेलं वाक्य गणिताला धरून नाही. आणि राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, तर उणे गुणच नाहीत. तरी वर्षभर नीटच्या चाचण्या दिलेली मुलं सीईटीत प्रश्न कोरे सोडून येतात. हात आखडायची सवय लागलेली असते. एका हुशार मुलाने असे चौदा सोडले होते. त्याने मला ते एखादा संयम पाळल्यासारखं सांगितलं.

पण या लेखाचं खरं कारण वेगळं आहे. वर जे लिहिलं ते फी भरू शकणाऱ्यांबद्दल झालं. ज्यांना क्लास परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारने काही केलं नाही असं म्हणता येत नाही. परीक्षा घेणारी एनटीए स्वतःच्या संकेतस्थळावर सराव चाचण्या फुकट देते. आयआयटी कानपूरसोबत शिक्षण मंत्रालयाने काढलेलं 'साथी' हे ऑनलाइन पोर्टल २०२३ पासून फुकट आहे. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालय इथंच, नागपुरात. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना तिने टॅबलेट दिले, इंटरनेट दिलं, ऑनलाइन शिकवणी दिली. मागच्या वर्षांचे पेपर सगळीकडे पडलेले आहेत, बर्डीवर जुन्या पुस्तकांत रद्दीच्या भावातही मिळतात. पेपरांचा तुटवडा संपला. आज गडचिरोलीच्या मुलीकडे आणि रामदासपेठेतल्या मुलाकडे चाचण्या जवळजवळ सारख्याच आहेत.

फरक पडतो चाचणी संपल्यावर. त्या मुलाकडे चूक घेऊन जायला कुणीतरी आहे, घरी डॉक्टर काका नाहीतर तासाचे पैसे घेणारे सर. मुलीकडे टॅबलेट आहे. टॅबलेट 'तुमचे उत्तर चूक आहे' असं लाल अक्षरांत सांगतो आणि पुढचा प्रश्न दाखवतो. सरकारी योजना मोजणाऱ्यांना टॅबलेट किती वाटले हे मोजता येतं, वीस मिनिटं कुणी कुणासोबत बसलं हे रकान्यात बसत नाही, म्हणून ते होत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाने हे करायला हवं होतं, हे मला सगळ्यात आधी मान्य आहे. पण वर्गात मुलंच नाहीत. कॉलेज आणि क्लास यांच्यातल्या टाय-अपच्या नावाखाली ती क्लासमध्ये बसतात. २०१८ साली राज्याने नागपूरसह काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. यंत्रं आली, आणि त्यांच्यातून वाट काढायच्या युक्त्याही आल्या. रिकाम्या बाकांना शिकवून मी निवृत्त झालो. त्याचं दुःख इथं उगाळत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. महापालिकेच्या अभ्यासिका शहरात आहेत. तिथं खुर्च्या आहेत, पंखे आहेत, सकाळपासून रात्रीपर्यंत पोरं मान खाली घालून बसलेली आहेत, आणि विचारायला एकही माणूस नाही. अभ्यासिकेचा नियमच 'शांतता राखा' असा. प्रत्येक अभ्यासिकेत सोमवार-मंगळवारी संध्याकाळी दोन तास एक खोली बोलण्यासाठी मोकळी ठेवा. तिथं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणिताचा एकेक शिक्षक बसवा. निवृत्तांना मानधन द्या. या शहरात आमच्यासारखे रिकामटेकडे पुष्कळ आहेत, व्हीएनआयटीतली इंजिनीअरिंगची आणि मेडिकलची पोरंही येतील. नवीन शिकवायचं नाही. मुलाने आपला सोडवलेला पेपर घेऊन यायचा आणि चुकलेल्या प्रश्नावर बोट ठेवायचं. नवीन टॅबलेट लागणार नाही, उद्घाटनाला फीत कापायला काही नाही. कदाचित म्हणूनच हे आजवर सुचलं नसावं.

क्लास चालवणाऱ्यांनाही एवढंच सांगेन की चाचण्या निम्म्या करा, आणि उरलेल्या वेळात चुकांचा तास घ्या, तोही खालच्या बॅचला तुमच्या सगळ्यात चांगल्या सरांचा. पेपर मुलाला परत द्या. काही ठिकाणी तो ॲपवर दोन दिवसांनी कुलूपबंद होतो, कारण प्रश्न बाहेर जाऊ नयेत. त्यातले निम्मे प्रश्न मी कुठून उचलत होतो ते मला माहीत आहे.

गेलं वर्षभर मी घराजवळच्या एका अभ्यासिकेच्या व्हरांड्यात सोमवारी बसतो. आतून शांत बसा म्हणून ओरडतात, म्हणून व्हरांडा. डास आहेत, उजेड कमी आहे. पहिल्या दिवशी दोन मुलं आली आणि दोघांनीही आधी किती गुण पडले ते सांगितलं. मी म्हटलं, ते राहू द्या, चुकलेला दाखवा. परवा अकरा जण होते. त्यांतल्या एकाने फक्त चुकांची वेगळी वही केली आहे, तिच्यात 'सिली' असा रकाना आखला होता आणि तो खोडलेला दिसला. एकाच पेपरातले भौतिकशास्त्राचे पंचेचाळीस प्रश्न घेऊन बसलो. नऊला चौकीदाराने दिवे बंद केले तेव्हा सात झाले होते. राहिलेले पुढच्या सोमवारी घेऊ.